नव्या काव्यसंग्रहावर बोलायचे म्हणजे नेमके कशावर बोलायचे?

प्रश्न : निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवले आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. आमच्या वसाहतीतल्या अकरा जणी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी एकत्र बसून वाचन करतो. आतापर्यंत कादंबऱ्या झाल्या, आत्मचरित्रे झाली. आता अलीकडच्या भारतीय कवींचे संग्रह एकेक करून वाचावेत असे ठरले आणि मराठीच्या बाई म्हणून पहिल्या बैठकीत बोलण्याचे काम माझ्याकडे आले. पहिले पुस्तक अरुण कोलटकरांचे इंग्रजी 'जेजुरी' आहे. जेजुरी आम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे, सोलापूरजवळच्या बाळे इथल्या खंडोबाच्या यात्रेला आमच्यापैकी बहुतेकींच्या घरचे जातात, आणि पुस्तक लहान असल्याने इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनाही ते पेलेल, असा विचार त्यामागे होता.

अडचण अशी आहे की एकेका कवितेवर मी बोलू शकते, पण संग्रहावर काय बोलावे हे मला उमगत नाही. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत दहावीच्या रसग्रहणासाठी आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये हे तीन मुद्दे मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले की कोणतीही कविता समोर आली तरी मन आपोआप तिची त्या तीन कप्प्यांत वाटणी करू लागते. एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारले होते, "बाई, या कवितेनंतर त्यांच्या पुस्तकात पुढच्या पानावर काय आहे?" कवीचे नाव, संग्रहाचे नाव, पुरस्कार हे सगळे मला पाठ होते, तो संग्रह मात्र मी कधी हातात घेतलेला नव्हता. "ते परीक्षेला नाही," असे सांगून मी पुढे गेले. तिचा तो पडलेला चेहरा मला आजही आठवतो.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यातल्या एका ताईंनी हे पुस्तक आधीच वाचले आहे आणि त्यात आपल्या कुलदैवताची चेष्टा केल्यासारखे त्यांना वाटले आहे. त्या मनातून दुखावल्या आहेत. वाद घालून त्यांना गप्प करणे मला नको आहे, पण त्यांच्या म्हणण्याला पुस्तकातूनच काही उत्तर मिळते का, हे मला पाहायचे आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त प्राध्यापक, विजापूर रोड

ताई, आपल्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करू या, कारण संग्रह वाचायचा म्हणजे पुढच्या पानावर काय आहे आणि ते तिथेच का आहे, हे विचारत जायचे. पाठ्यपुस्तकात आपल्याला एका कवीची एकच कविता भेटते. तिच्या आधी दुसऱ्या कवीची असते, नंतर एखादा धडा येतो, आणि त्यामुळे कवितेला शेजार असतो हेच आपण विसरून जातो. संग्रहातली कविता मात्र आपल्या शेजारणींशी सतत काही बोलत असते.

'जेजुरी' यासाठी फार चांगले पुस्तक आहे. १९७६ मध्ये ते 'क्लिअरिंग हाउस' या कवींनीच मिळून चालवलेल्या प्रकाशनाने काढले आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्यात ३१ कविता आहेत. पहिली कविता एस. टी. बसमध्ये घडते आणि शेवटची रेल्वे स्टेशनावर. पहाटे जेजुरीला निघालेला माणूस दिवस मावळताना परतीच्या गाडीची वाट पाहत उभा आहे, एवढा सरळ प्रवास या सगळ्या कवितांच्या खालून वाहत असतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की सगळ्या जणींनी हे पुस्तक एकदा एका बैठकीत, हातात पेन्सिल न घेता, आरंभापासून शेवटपर्यंत वाचावे. अडलेले शब्द अडलेले राहू द्यावेत. दुसऱ्या वेळी फक्त पहिली आणि शेवटची कविता समोरासमोर ठेवून वाचावी. त्या दोन कवितांमध्ये काय सापडते ते मी मुद्दाम सांगत नाही; ते आपल्या बैठकीत आपणच शोधावे.

एक जागा मात्र दाखवल्यावाचून राहवत नाही. पुस्तकाच्या शेवटाकडे, देवाचे गाव मागे पडले आहे आणि स्टेशन अजून आलेले नाही अशा मधल्या वाटेवर, प्रवाशाला ज्वारीच्या शेतात डझनभर कोंबडे-कोंबड्या नाचताना दिसतात. कवीने हे नाचणे नुसते सांगितलेले नाही. त्या पानावर शब्दच वर-खाली उडालेले आहेत, एक इकडे, एक तिकडे, एक भलताच उंच. कोलटकर पोटापाण्यासाठी जाहिरातीच्या क्षेत्रात कलादिग्दर्शक होते, त्यामुळे पान ही त्यांच्या हातातली वस्तू होती. ही कविता मोठ्याने वाचून दाखवली तर काहीच हाती लागत नाही. पुस्तक हातोहात फिरवले पाहिजे. वर्गात मी ही चूक एकदा केली होती. पूर्ण तास मी ती कविता समजावून सांगितली आणि मुले जांभया देत बसली. शेवटी पुस्तक पहिल्या बाकावर ठेवले आणि एका मुलाने पान बघताच खुर्चीवरून उडी मारल्यासारखे हात वर केले. त्याला कविता कळली होती. मालदांडीच्या मुलखातल्या माणसाला ज्वारीचे शेत समजावून सांगावे लागत नाही.

तेच पान आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. दिवसभर देवळे, पायऱ्या, पुजारी आणि दगड पाहूनही ज्याला आनंदाने नाचावेसे वाटले नाही, त्याला नाच दिसला तो वाटेवर, पिकात. हे आपल्याला एकट्या त्या कवितेवरून कळत नाही. तिच्या आधीच्या कवितांतला कोरडेपणा सोबत घेऊन तिथे पोहोचलो, तरच त्या उड्यांचे मोल कळते.

आता आपल्या ताईंच्या दुखावण्याविषयी. त्यांचे वाचन चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. कुठला दगड देव आणि कुठला नुसता दगड यांतली रेषा इथे फार बारीक आहे, असे हा कवी लिहितो, आणि श्रद्धा असलेल्या माणसाला ते बोचणे स्वाभाविक आहे. त्यांना फक्त यशवंतरावावरची कविता शांतपणे वाचायला सांगावी. हा मुख्य देवळाबाहेरचा, दुय्यम स्थानावरचा देव. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, डोके नाही. नुसता काळ्या दगडाचा गोळा. आणि लोक त्याच्याकडे येतात ते तुटलेले हात, मोडलेले पाय बरे करून घ्यायला. डोळे दिपवणारे मोठमोठे देव बाजूला सारून कवी वाचकाला या हाडवैद्य देवाकडे पाठवतो. ज्याला स्वतःचे हातपाय नाहीत तो दुसऱ्याचे हातपाय सांधतो, हे लिहिणाऱ्याच्या मनात केवळ चेष्टा असेल असे मला वाटत नाही.

उत्तर : ग्रंथालयातील वाचक, सात रस्ता

सरांचे विवेचन मला आवडले, पण एका गोष्टीबद्दल सावध करणे आवश्यक वाटते. 'जेजुरी'सारखे आतून बांधलेले संग्रह थोडे असतात. बहुतेक संग्रहांत दहा-बारा वर्षांत दिवाळी अंकांतून आणि नियतकालिकांतून छापून आलेल्या कविता एकत्र केलेल्या असतात. त्यांचा क्रम कधी कवीने, कधी प्रकाशकाने, तर कधी केवळ सोयीने ठरवलेला असतो. तिथे प्रत्येक वेळी बांधणी शोधत बसलो तर जे नाही ते दिसू लागते, आणि मग संग्रहाची स्तुती खोटी होते. दीडशे पानांतल्या चार कविता मनापासून आवडल्या असतील तर चारच आवडल्या असे सांगणे हा कवीचा सन्मानच आहे.

आपल्या गावाचे उदाहरण घेतो. बाग फुलून आलेल्यांनी दोन फुले द्यावीत असे सांगणारी दत्ता हलसगीकरांची कविता सोलापुरात प्रत्येक सत्कारात, प्रत्येक देणगी समारंभात म्हटली जाते. ती सुंदर आहे. परंतु ती म्हणणाऱ्यांपैकी हलसगीकरांचा एखादा संग्रह आरंभापासून वाचलेले किती जण असतील? एकच कविता इतकी वापरली गेली की तिच्यामागचा कवी दिसेनासा झाला, याचे मला फार वाईट वाटते. आपल्या गटाने एखादा महिना या कवीसाठी ठेवावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करावी.

न समजणाऱ्या शब्दांची लाज बाळगू नये, हेही सांगतो. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ला (१९७२) विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. एवढ्या मोठ्या लेखकाने त्या कवितांतले अनेक शब्द आपल्याला कळले नाहीत हे त्यात उघडपणे मान्य केले आणि कवीला विचारून ते समजून घेतले. असे विचारणे हाही वाचनाचाच भाग आहे.

उत्तर : वस्त्रोद्योगातील वाचक, भवानी पेठ

माझे शिक्षण कमी आहे, पण कवितेचे वाचन जुने आहे, म्हणून लिहितो. आमच्या घरात तेलुगू बोलली जाते, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी आणि कारखान्यात या सगळ्यांची मिळून झालेली एक बोली.

वडिलांचा माग जकार्डचा होता. चादरीवरची नक्षी ठरवणारी भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे दोऱ्याने एकमेकांना बांधून मागावर चढवलेली असत. लहानपणी मी त्यातले एक सुटे कार्ड हातात घेऊन उन्हात धरायचो आणि भोकांतून नक्षी दिसते का ते पाहायचो. काहीच दिसायचे नाही. एका कार्डातून आडव्या धाग्याची फक्त एक ओळ विणली जाते. ओवताना कार्डांचा क्रम एकदा चुकला होता, तेव्हा मोराची मान पिसाऱ्यात गेली आणि तेवढा सगळा कपडा वाया गेला. प्राध्यापक सर क्रमाबद्दल लिहितात ते वाचताना मला ती कार्डे आठवली. सात रस्त्याच्या सद्गृहस्थांचे म्हणणेही खरे आहे, कारण सगळेच कापड नक्षीचे नसते, काही साधे असते, आणि साधे कापडही अंगाला चांगले लागते.

माझा मुद्दा भाषांतराचा आहे. भारतीय कवितांचे संग्रह वाचायचे म्हटले की निम्मे तरी भाषांतरातूनच वाचावे लागतात, आणि आपण भाषांतर करणाऱ्याकडे लक्षच देत नाही. आपल्या गावचे सिद्धरामेश्वर स्वतः वचनकार, म्हणजे कन्नडमधली छोटी भक्तिकाव्ये रचणारे, होते. गड्ड्याच्या यात्रेला लाखो लोक येतात, पण आपले ग्रामदैवत बाराव्या शतकातला एक कवी आहे हे फार थोड्यांच्या लक्षात असते. त्यांच्या वचनांत 'कपिलसिद्धमल्लिकार्जुन' ही नाममुद्रा, म्हणजे कवीची ओळख ठरलेले देवाचे नाव, येते. कन्नड येणाऱ्याला तिचा नाद ऐकू येतो, मग दुसऱ्या भाषेत नेताना या नावाचे काय करायचे? ए. के. रामानुजन यांनी १९७३ मध्ये बसवण्णा, देवर दासिमय्या, अक्कमहादेवी आणि अल्लमप्रभू यांच्या वचनांचे इंग्रजी पुस्तक केले. त्यात अक्कमहादेवीच्या चेन्नमल्लिकार्जुनाला त्यांनी 'मोगऱ्यासारखा शुभ्र स्वामी' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले, बसवण्णांच्या कूडलसंगमाला 'संगमाचा स्वामी' केले, पण दासिमय्यांचा रामनाथ मात्र रामनाथच ठेवला. परंपरेप्रमाणे दासिमय्या विणकर होते, त्यामुळे त्यांची वचने मी जरा जास्तच जवळून वाचली आहेत. एकाच पुस्तकात कुठे नावाचा अर्थ द्यायचा आणि कुठे नाव तसेच राहू द्यायचे, हे भाषांतरकाराने प्रत्येक वेळी विचार करून ठरवलेले असते. अशा जागा बोटाने दाखवल्या तर आपल्या भगिनींना बोलायला पुष्कळ मिळेल.

आजच्या कवींपैकी झारखंडच्या जसिंता केरकेट्टा यांचा 'अंगोर' (२०१६) सुचवतो. त्यात हिंदी कविता आणि तिचे इंग्रजी भाषांतर एकाच पुस्तकात आहे. अंगोर म्हणजे निखारा. दोन्ही भाषा थोड्याथोड्या येणाऱ्या वाचकाने दोन्ही पाने एकत्र वाचली, की कुठे धग कमी झाली आणि कुठे टिकली ते आपले आपल्याला कळते.

उत्तर : हिंदीच्या प्राध्यापिका, होटगी रोड

बाई, आपला गट स्त्रियांचा आहे म्हणून दोन पुस्तके एकत्र वाचण्याचे सुचवते. अनामिका यांचा 'टोकरी में दिगंत' हा हिंदी संग्रह आणि कोलटकरांचीच मराठी 'भिजकी वही'. अनामिकांना त्या संग्रहासाठी २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि हिंदीत कवितेसाठी तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. 'भिजकी वही' २००३ मध्ये आली, २००४ मध्ये कोलटकर गेले आणि २००५ मध्ये तिला अकादमीचा पुरस्कार मिळाला.

अनामिकांनी थेरीगाथेतल्या थेरींना, म्हणजे बौद्ध भिक्षुणींना, आजच्या काळात बोलावले आहे. पाली भाषेतल्या या ७३ कविता म्हणजे घर, नवरा, मूल, रूप, म्हातारपण यांतून बाहेर पडलेल्या स्त्रियांचे स्वतःच्या तोंडचे बोल. 'भिजकी वही'त जगभरातल्या आणि अनेक युगांतल्या स्त्रिया येतात : अपाला, कण्णगी, कॅसांड्रा, हिपेशिया, राबिया, नादेज्दा. त्या पुस्तकात अश्रू कधी थांबतच नाहीत. शीर्षक वाचताच मराठी माणसाला इंद्रायणीतल्या तुकोबांच्या वह्या आठवतात आणि वाचता वाचता वही कशाने भिजली आहे ते उलगडत जाते. एका पुस्तकात स्त्रीने जुन्या स्त्रियांना बोलते केले आहे, दुसऱ्यात पुरुषाने. थेरी बहुधा दुःखातून सुटल्याचे सांगतात. कोलटकरांच्या स्त्रियांपैकी अनेकींना सुटका मिळालेलीच नाही. तुमच्या अकरा जणींपैकी कोणाला कोणत्या स्त्रीजवळ थांबावेसे वाटते, एवढे जरी प्रत्येकीने सांगितले तरी एक बैठक पुरणार नाही. 'भिजकी वही' जाडजूड आहे, ती दोन महिन्यांत विभागून घ्यावी.

प्रश्नकर्तीचे निवेदन : जुळे सोलापूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी बैठक झाली.

सरांनी सांगितल्याप्रमाणे पुस्तक हातोहात फिरवले. कोंबड्यांच्या पानाशी मंगळवेढ्याकडच्या आमच्या एक मैत्रीण थांबल्या आणि म्हणाल्या, "खळ्यावर दाणे टाकले की आमच्याही अशाच उडतात." त्यांना इंग्रजी फारसे येत नाही. ज्या ताई दुखावल्या होत्या त्यांनी यशवंतरावाची कविता दोनदा वाचली. त्यांच्या आईने पाय बरा व्हावा म्हणून देवाला चांदीचा पाय वाहिला होता, ती आठवण त्यांनी सांगितली. कवीबद्दलचे मत बदलले असे काही त्या म्हणाल्या नाहीत आणि मीही विचारले नाही. मात्र जाताना पुस्तक आणखी आठ दिवसांसाठी मागून घेऊन गेल्या. पुढच्या दोन महिन्यांसाठी 'भिजकी वही' ठरली आहे आणि त्यानंतर हलसगीकर.

पहिली आणि शेवटची कविता आम्ही समोरासमोर ठेवली. पहिल्या कवितेत बसच्या खिडक्यांवर ताडपत्री घट्ट लावलेली आहे, बाहेरचे काही दिसत नाही, आणि प्रवाशाला समोरच्या म्हाताऱ्याच्या चष्म्याच्या दोन काचांत आपलाच चेहरा दुभंगलेला दिसतो. शेवटी स्टेशनावर गाडी कधी येणार ते कोणीच धड सांगत नाही आणि चाकाएवढा सूर्य रुळांच्या टोकाशी टेकतो, जिथे दोन्ही रूळ एकमेकांना मिळताना दिसतात. ही जोडी मला आदल्या रात्री एकटीने वाचताना सापडली आणि मी उठून दिवा लावून दोन्ही पाने पुन्हा तपासली. आरंभी एकाचे दोन झाले होते आणि शेवटी दोनाचे एक होत आहे, असे मी बैठकीत मोठ्या उत्साहाने सांगितले.

तेव्हा सगळ्यांत मागे बसलेल्या, एरवी फारसे न बोलणाऱ्या मैत्रिणीने पुस्तक मागून घेतले, ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "बाई, रूळ मिळतात असे इथे लिहिलेले नाही. मिळताना दिसतात, एवढेच आहे." त्यानंतर आमच्यात दोन तट पडले आणि चहा गार होईपर्यंत कोणी जागचे हलले नाही.